सूक्ष्मकणी ॲल्युमिनियम : विरूपणातून बळकटी

शुद्ध ॲल्युमिनियम हलका आहे, गंजाला सहसा दाद देत नाही आणि विजेचा उत्तम वाहक आहे. पण भार पेलण्याच्या कामी तो फार मऊ ठरतो. त्याची घनता दर घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम, म्हणजे पोलादाच्या जवळजवळ एक तृतीयांश, एवढीच आहे. मात्र तापवून सावकाश थंड केलेली शुद्ध ॲल्युमिनियमची कांब अवघ्या काही दहा मेगापास्कल ताणालाच कायमची लांबू लागते, तर बांधकामातील साधे पोलाद सुमारे २५० मेगापास्कलपर्यंत आपला आकार टिकवून धरते. मेगापास्कल हे ताणाचे एकक असून एका चौरस मिलिमीटर क्षेत्रावर एक न्यूटन बल, असा त्याचा अर्थ होतो. आणि ज्या ताणापाशी धातूचा आकार कायमचा बदलू लागतो त्यास या प्रकरणात नमनताण म्हटले आहे. हलकेपणा न गमावता ॲल्युमिनियमचा नमनताण कसा वाढवावा, हा शंभर वर्षांहून जुना प्रश्न असून गेल्या काही दशकांत त्याला मिळालेले एक विलक्षण उत्तर असे, की मिश्रधातूची कृती आहे तशीच ठेवावी, वस्तूची जाडी आणि रुंदीही आहे तशीच ठेवावी, आणि तिच्या अंतर्भागाला मात्र इतके विरूपित करावे की तिची सूक्ष्मरचनाच नव्याने घडावी. या पद्धतींच्या कुळाला तीव्र आकार्य विरूपण असे नाव आहे. आकार्य विरूपण म्हणजे बल काढून घेतल्यावरही मागे उरणारा आकारबदल.

या उत्तरामागील तर्क समजण्यासाठी धातू मऊ का असतो, हे आधी पाहावे लागते. ॲल्युमिनियमचे अणू स्फटिकात ठरावीक क्रमाने, थरावर थर असे रचलेले असतात आणि एक थर दुसऱ्यावरून सरकला की आकार बदलतो. पण संपूर्ण थर एकाच वेळी सरकवायचा तर त्यासाठी लागणारे बल प्रत्यक्ष मोजलेल्या बलाच्या कितीतरी पट निघते. या विसंगतीचा उलगडा १९३४ मध्ये जी. आय. टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे केला. स्फटिकाच्या रचनेत जागोजागी दोष असतात; अणूंचा एखादा जादा अर्धा थर मध्येच शिरलेला असतो आणि तो जिथे संपतो त्या रेषेला स्थानभ्रंश म्हणतात. बल लावले की ही रेषा एकेक पाऊल पुढे सरकते, आणि ती स्फटिकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचली की एक थर दुसऱ्यावरून सरकल्याचाच परिणाम होतो, तोही अल्प बलात. तेव्हा धातूची बळकटी वाढवणे म्हणजे स्थानभ्रंशांच्या वाटेत अडथळे उभे करणे, असा या शास्त्राचा साधा आणि अजूनही अबाधित असलेला सिद्धान्त आहे.

यांतले काही अडथळे फार पूर्वीपासून वापरात आहेत. मॅग्नेशियमसारखा वेगळ्या आकारमानाचा अणू स्फटिकात विरघळला की त्याच्या भोवतालची रचना ताणली जाते आणि स्थानभ्रंश तिथे अडखळतो. १९०६ मध्ये जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेट विल्म यांना तांबे आणि मॅग्नेशियम मिसळलेला ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझवल्यानंतर काही दिवस नुसता ठेवला तरी कठीण होत जातो, असे आढळले. त्यातून ड्युरल्युमिन ही विमानांच्या सांगाड्यांसाठी गाजलेली मिश्रधातू जन्माला आली. या काठिण्याचे कारण १९३८ मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले: विरघळलेले अणू कालांतराने एकत्र येऊन अतिसूक्ष्म पुंजके करतात. ते वाढत गेले की त्यांचे अवक्षेप, म्हणजे वेगळ्या रचनेचे बारीक कण, होतात. आणि धातू ठोकून, लाटून किंवा ओढून कठीण होतो, तेव्हा स्थानभ्रंशच एकमेकांची वाट अडवत असतात.

आणखी एक अडथळा या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. धातूचा तुकडा हा एकसंध स्फटिक नसून एकमेकांना घट्ट चिकटलेल्या असंख्य स्फटिककणांचा समूह असतो आणि शेजारच्या दोन कणांमधील थरांची दिशा निराळी असते. एका कणातून सरकत आलेला स्थानभ्रंश कणसीमेशी येऊन थबकतो. कण जितके बारीक, तितक्या सीमा अधिक आणि धातू तितका बळकट. हा संबंध ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये पोलादासंदर्भात मांडला, म्हणून त्याला हॉल–पेच संबंध म्हणतात. त्याचे गणिती रूप असे, की सीमांमुळे मिळणारी बळकटी कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. व्यास शंभर मायक्रॉनवरून एक मायक्रॉनवर आणला, म्हणजे शंभरपट घटवला, तर बळकटीतील हा वाटा दहापट होतो. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) परंतु या संबंधातील गुणांक प्रत्येक धातूचा वेगळा असतो आणि ॲल्युमिनियमचा तो लोखंडाच्या मानाने बराच लहान आहे. पोलादात कण थोडे बारीक केले तरी जो लाभ मिळतो, तो मिळवण्यासाठी ॲल्युमिनियमचे कण मायक्रॉनच्याही खाली न्यावे लागतात. लाटणे आणि तापवणे या नेहमीच्या कारखानी प्रक्रियांनी मात्र कण बहुधा दहा मायक्रॉनच्या आसपासच येऊन थांबतात. ॲल्युमिनियमला तीव्र विरूपणाची गरज भासली ती या दरीमुळे.

दरी ओलांडण्यात मुख्य अडचण भूमितीची होती. पुरेसे विरूपण केले की कण बारीक होतात हे ठाऊक असले, तरी नेहमीच्या प्रत्येक प्रक्रियेत विरूपणाबरोबर वस्तूही बारीक होत जाते. विरूपणाचे माप विकृती या राशीने करतात. तार ओढताना ही विकृती म्हणजे मूळ आणि नव्या छेदक्षेत्रांच्या गुणोत्तराचे नैसर्गिक लॉगॅरिथम. शंभर मिलिमीटर व्यासाच्या कांबेत ४ एवढी विकृती निर्माण करायची तर ती ओढून साडेतेरा मिलिमीटरवर आणावी लागते, आणि ८ एवढी विकृती हवी असेल तर हाती दोन मिलिमीटरहूनही बारीक तार उरते. अशा तारेतून विमानाचा भाग किंवा मोटारीचा दांडा कापता येत नाही. तेव्हा आकार जसाच्या तसा ठेवून विकृती मात्र साठवत जाता येईल, अशी युक्ती हवी होती.

तिची एक वाट हार्वर्ड विद्यापीठात पर्सी ब्रिजमन यांनी १९३० च्या दशकातच दाखवून ठेवली होती. उच्च दाबावरील कार्यासाठी १९४६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाने धातूची पातळ चकती दोन ऐरणींमध्ये प्रचंड दाबाखाली धरून त्यांतली एक ऐरण फिरवली. चकतीची जाडी जवळपास तेवढीच राहते, पण तिचे थर एकमेकांवरून पिळले जातात. हे थर सरकवणारे विरूपण म्हणजे कर्तन. दाब सर्व बाजूंनी असल्यामुळे ठिसूळ पदार्थाचीही भेग उघडू शकत नाही आणि हवी तेवढी आवर्तने देता येतात. ब्रिजमन यांचा रस दाबाखालील पदार्थांच्या वर्तनात होता. कण बारीक होतात की काय, हा प्रश्न या यंत्राला विचारला गेला तो अर्धशतकानंतर.

दुसरी वाट १९७० च्या दशकात सोव्हिएत संघातील मिन्स्क येथे व्लादिमिर सेगाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली, आणि तिच्या साधेपणात तिचे मोठेपण आहे. पोलादाच्या डायमध्ये अगदी समान छेदाच्या दोन नलिका काटकोनात मिळवलेल्या असतात. एका नलिकेत ॲल्युमिनियमची कांब घालून तिला वरून दट्ट्याने दाबले की ती वळणावरून दुसऱ्या नलिकेत शिरते आणि बाहेर पडते. वळणाच्या प्रतलात तिचा प्रत्येक भाग कर्तनाने सरकतो, पण नलिका समान असल्यामुळे कांबेची जाडी बदलत नाही. म्हणून तीच कांब पुन्हा त्याच डायमध्ये घालता येते. काटकोनी डायमधून एकदा गेल्यावर सुमारे १ एवढी विकृती मिळते, चार फेऱ्यांत ४, आठ फेऱ्यांत ८. या पद्धतीला समनलिका कोनीय दाबण म्हणता येईल. सेगाल यांचे ध्येय धातूला आकार देण्याचे होते. कर्तनाने धातू घडवण्याची एक कार्यक्षम रीत म्हणून त्यांनी ती विकसित केली होती.

तिचे रूपांतर सूक्ष्मरचना घडवण्याच्या साधनात झाले ते मुख्यतः उरल पर्वताजवळच्या उफा शहरात. तेथे रुस्लान वालिएव आणि त्यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तीव्र विरूपणाने तांबे आणि झिर्कोनियम असलेल्या ॲल्युमिनियममध्ये मायक्रॉनहून बारीक कण मिळवून तुलनेने कमी तापमानाला असाधारण लांबणारा धातू दाखवला. १९९० च्या दशकात या कामाशी जपानमधील क्यूशू विद्यापीठाचे झेन्जी होरिता आणि अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे टेरेन्स लँग्डन जोडले गेले, आणि कोणत्या फेरीनंतर कणांचे नेमके काय होते, याची पद्धतशीर मापने सुरू झाली. एक साधी वाटणारी बाब त्यातून निर्णायक ठरली: दोन फेऱ्यांच्या मध्ये कांब तिच्या अक्षाभोवती कशी फिरवली जाते. दर वेळी एकाच दिशेने काटकोनात फिरवली, तर कर्तनाची प्रतले आळीपाळीने बदलतात आणि सर्व बाजूंनी सारखे, समान आकाराचे कण सर्वांत लवकर तयार होतात. न फिरवता घातली, तर कण लांबट पट्ट्यांसारखे राहतात.

बारीक कण तयार होण्याची प्रक्रिया मोठ्या कणांचे तुकडे पडण्याची नाही. विरूपण सुरू झाले की मूळ कणात स्थानभ्रंशांची संख्या झपाट्याने वाढते. ॲल्युमिनियममध्ये ते एका प्रतलातून दुसऱ्यात सहज जाऊ शकत असल्याने विखुरलेले न राहता ओळींनी, भिंतींसारखे गोळा होतात आणि कणाच्या आत लहान लहान कोठड्या पडतात. सुरुवातीला शेजारच्या दोन कोठड्यांमधील दिशेचा फरक एकदोन अंशांचाच असतो आणि असली भिंत स्थानभ्रंशाला फारशी अडवत नाही. विकृती वाढत जाते तसे आणखी स्थानभ्रंश भिंतींत शोषले जातात, फरक वाढतो, आणि तो साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की भिंतीची खरीखुरी कणसीमा झालेली असते. हे दिशाभेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात एकेका बिंदूवर मोजता येतात. मुंबईच्या आयआयटीमध्ये अशा मापनाची राष्ट्रीय सुविधा आहे. मापनाशिवाय केलेला सूक्ष्मकणांचा दावा अपुरा असतो, कारण सूक्ष्मदर्शकात बारीक दिसणारी जाळी पुष्कळदा निव्वळ कोठड्यांची असते.

कण किती बारीक होऊ शकतील, हे मिश्रणावर अवलंबून असते. होरिता, लँग्डन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत शुद्ध ॲल्युमिनियमचे कण सुमारे १.३ मायक्रॉनवर येऊन स्थिरावले, एक टक्का मॅग्नेशियम असताना सुमारे ०.४५ आणि तीन टक्के असताना सुमारे ०.२७ मायक्रॉनवर. शुद्ध धातूत स्थानभ्रंश इतके चपळ असतात की ते विरुद्ध प्रकारच्या स्थानभ्रंशांना भेटून नाहीसे होत राहतात आणि साठवणूक एका मर्यादेपलीकडे जात नाही. मॅग्नेशियमचे अणू त्यांना जखडून ठेवतात, म्हणून साठा वाढतो आणि कण लहान होतात. मिश्रण आणि विरूपण ही बळकटीची दोन वेगळी खाती नसून पहिले दुसऱ्याची मर्यादा ठरवते, हे या तीन आकड्यांतून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते. चपळता कमी करण्याचा दुसरा मार्ग थंडीचा आहे. द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सियसला, बुडवून लाटण केले तर स्थानभ्रंशांचे नाहीसे होणे मंदावते; रुरकीच्या आयआयटीमध्ये ६०६१, ७०७५ अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या मिश्रधातूंवर या पद्धतीने बरेच काम झाले आहे.

पत्र्यासाठी वेगळी रीत हवी होती, आणि ती ओसाका विद्यापीठात योशिहिरो साइतो, नोबुहिरो त्सुजी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मांडली. दोन पत्र्यांचे पृष्ठभाग तेलकटपणा काढून तारेच्या ब्रशने घासायचे, एकावर एक ठेवून निम्म्या जाडीपर्यंत लाटायचे, म्हणजे दोन्ही सांधून मूळ जाडीचा एक पत्रा होतो. तो मध्ये कापून पुन्हा एकावर एक ठेवायचा आणि पुन्हा लाटायचा. चिरोट्याचे पापुद्रे ज्या घडी-लाटणाने वाढत जातात त्याच गणिताने येथे दहा आवर्तनांत १०२४ थर होतात, फरक एवढाच की धातूचे थर सुटे न राहता एकजीव होतात. व्यापारी शुद्धतेच्या ॲल्युमिनियमची तुटेपर्यंतची ताकद या रीतीने आठ आवर्तनांनंतर तिपटीहून अधिक झाली. खास डाय नको, प्रचंड दाब नको, साधी लाटणगिरणी पुरते. म्हणून साधेपणाच्या कसोटीवर ही पद्धत सर्वांत आकर्षक म्हणावी लागेल, मात्र कडा फाटणे आणि एखादा सांधा कच्चा राहणे ही तिची दुखणी आहेत.

ताकदीचा विक्रम मात्र ब्रिजमन यांच्या चकतीतच झाला. ७०७५ ही जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे असलेली मिश्रधातू दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून विमानबांधणीत आहे आणि नेहमीच्या उष्णतोपचारानंतर तिचा नमनताण सुमारे ५०० मेगापास्कल असतो. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी उफा आणि अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ही मिश्रधातू ६ गिगापास्कल दाबाखाली दहा वेळा पिळून तिचा नमनताण एक गिगापास्कलच्या, म्हणजे हजार मेगापास्कलच्या, जवळ नेला, आणि तरीही ती तुटण्यापूर्वी सुमारे पाच टक्के एकसारखी लांबत होती. हा नमनताण पुष्कळ चांगल्या पोलादांच्या बरोबरीचा आहे, आणि तो पोलादाच्या एक तृतीयांश वजनात मिळाला. कणांचा सरासरी व्यास २६ नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनच्या चाळिसाव्या भागाएवढा होता. पण केवळ हॉल–पेच संबंधाने एवढी बळकटी येत नाही. एकेका अणूचे स्थान दाखवणाऱ्या उपकरणातून असे दिसले, की मिश्रक अणूंचे पुंजके कणांच्या आत होते आणि शिवाय सीमांवर व सीमांच्या संगमरेषांवरही ते विशिष्ट रचनेने गोळा झाले होते. विल्म यांचा १९०६ चा अडथळा आणि ब्रिजमन यांची पिळण येथे एकाच तुकड्यात एकत्र काम करत होती. मात्र विक्रमाचा तुकडा हा काही मिलिमीटरचा होता, हेही विसरता कामा नये. पिळणीच्या चकत्या साधारणतः दहा मिलिमीटर व्यासाच्या आणि मिलिमीटरहून कमी जाडीच्या असतात, आणि त्यांत केंद्राजवळ विकृती कमी, कडेला जास्त असते.

सूक्ष्मकणी धातूचे वर्तन कित्येकदा प्रस्थापित समजुतींना छेद देते. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असा, की ठोकलेला धातू तापवला की मऊ होतो आणि मऊ धातू ठोकला की कठीण होतो. शाओशू हुआंग, निल्स हॅन्सन आणि त्सुजी यांनी २००६ मध्ये नेमके उलट दाखवले: थर देऊन लाटलेला सूक्ष्मकणी ॲल्युमिनियम १५० अंशांना अर्धा तास तापवला तेव्हा तो अधिक बळकट आणि कमी तन्य झाला, आणि त्यानंतर थोडे लाटल्यावर पुन्हा मऊ व तन्य झाला. त्यांचे स्पष्टीकरण असे, की तापवल्याने कणांतील सुटे स्थानभ्रंश सीमांमध्ये मुरून जातात. आत हालचालीसाठी स्थानभ्रंशच उरत नाहीत आणि नवे निर्माण करायला अधिक ताण लागतो. थोडे लाटले की नवे स्थानभ्रंश येतात आणि धातू पुन्हा वळू लागतो. कण बारीक झाल्यावर दोषांचा अभाव हाच बळकटीचा उगम होऊ शकतो, हा निष्कर्ष धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अजून पुरेसा मुरलेला नाही आणि तो मुरायला हवा.

तन्यता, म्हणजे न तुटता लांबण्याची क्षमता, हा या धातूंचा कच्चा दुवा आहे. बारीक कणांत स्थानभ्रंश साठवायला जागाच नसते, म्हणून ताणताना धातू आणखी कठीण होत नाही, एखाद्या ठिकाणी बारीक होऊ लागला की तिथेच बारीक होत जातो आणि तुटतो. परंतु तापमान वाढवले आणि कण बारीकच राहिले, तर हाच धातू भिन्न स्वभाव दाखवतो: कण एकमेकांवरून घसरू लागतात आणि धातू कित्येक पट लांबतो. याला अतिआकार्यता म्हणतात. तीन टक्के मॅग्नेशियम आणि ०.२ टक्के स्कँडियम असलेल्या ॲल्युमिनियमवर नलिकादाबणाच्या आठ फेऱ्या केल्यावर ४०० अंश सेल्सियसला तो मूळ लांबीच्या वीसपटींहून अधिक लांबला, तेही नेहमीच्या अतिआकार्य घडाईपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने. कण या तापमानालाही फुगले नाहीत, कारण स्कँडियम आणि ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म अवक्षेप सीमांना जागीच धरून ठेवतात. असे अवक्षेप नसलेल्या शुद्ध ॲल्युमिनियमचे सूक्ष्मकण यापेक्षा पुष्कळ कमी तापमानालाच वाढू लागतात आणि कमावलेली बळकटी जाते. वेगाचे महत्त्व व्यवहारात मोठे आहे. वायुदाबाने पत्रा साच्यात फुगवून मोटारींचे आणि विमानांचे गुंतागुंतीचे भाग घडवण्याची पद्धत आजही मागे राहते ती प्रत्येक भागाला लागणाऱ्या वीस-तीस मिनिटांमुळे.

प्रत्यक्ष उद्योगात या विद्येचा पहिला ठळक उपयोग ताकदीशी अप्रत्यक्षपणेच निगडित होता. संगणकाच्या चिपवर धातूचा पातळ थर देताना शुद्ध धातूच्या एका मोठ्या तबकडीवर वायूच्या आयनांचा मारा करून तिचे अणू उडवले जातात आणि ते सिलिकॉनवर बसतात. तबकडीचे कण बारीक आणि सर्वत्र सारखे असतील तर थरही एकसारखा बसतो. सेगाल पुढे अमेरिकेत गेले आणि हनीवेल कंपनीत नलिकादाबणाने अशा मोठ्या ॲल्युमिनियम तबकड्या तयार होऊ लागल्या. त्या इतक्या बळकट होत्या की त्यांच्या मागे तांब्याची आधारपाटी जोडण्याची गरज उरली नाही आणि संपूर्ण तबकडी एकाच तुकड्यात करता आली.

दुसरे आशादायक क्षेत्र वीजवाहक तारांचे आहे. दोन मनोऱ्यांमधील तार स्वतःच्या वजनाने आणि वाऱ्याने तुटू नये यासाठी शुद्ध ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम व सिलिकॉन मिसळलेली मिश्रधातू वापरतात, पण विरघळलेले अणू इलेक्ट्रॉनांना विखुरतात आणि वाहकता घटते. बळकटी हवी तर वाहकता सोडावी लागते, अशी ही जुनी अडचण. कणसीमा इलेक्ट्रॉनांना त्या मानाने फार कमी अडवतात. उफा येथील गटाने फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर २०१५ मध्ये दाखवले, की ही मिश्रधातू शंभरावर काही अंश तापवून पिळली, तर कण तर बारीक होतातच, शिवाय विरघळलेले मॅग्नेशियम आणि सिलिकॉन अतिसूक्ष्म अवक्षेपांच्या रूपाने बाहेर पडतात, त्यामुळे बळकटी आणि वाहकता दोन्ही एकदम वाढतात. ही रीत चकतीतून तारेत आणण्यासाठी नलिकादाबणाला अखंड रूप देण्यात आले: फिरत्या चाकाच्या खोबणीत कांब घर्षणाने ओढली जाते आणि खोबणीच्या शेवटी बसवलेल्या कोनी नलिकेतून सतत बाहेर पडते, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांऐवजी मीटरांच्या मापाने सूक्ष्मकणी कांब मिळते आणि पुढे ती नेहमीप्रमाणे ओढून तार करता येते. फिरत्या चाकाची मूळ कल्पना १९७० च्या दशकातील ब्रिटनमधील आहे. तिला कोनी नलिका जोडली गेली ती २००० नंतर. चाकाचा वेग, खोबणीतील तापमान आणि डायची झीज या तीन गोष्टी आता अशा तारेची किंमत ठरवतात, आणि या पद्धतीवरील आजचे बरेचसे काम त्यांच्याभोवतीच चालले आहे.